लहान मुलांचा न्यूरोब्लास्टोमा: तपासण्या कशासाठी, उपचार किती

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘सुप्रारीनल मास’ असे दोन शब्द दिसले की घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ऑपरेशन कधी? सुप्रारीनल मास म्हणजे मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला असलेली गाठ. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टरांच्या मनात जी नावं येतात त्यांत न्यूरोब्लास्टोमा आघाडीवर असतो. या आजारात ऑपरेशनचा प्रश्न बहुधा तिसरा-चौथा असतो. त्याच्या आधी काय काय व्हावं लागतं आणि का, ते आपण क्रमानं पाहू.

गर्भात बाळाची मज्जासंस्था घडत असताना काही कच्च्या पेशी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत जाऊन बसतात. रक्तदाब, हृदयाचे ठोके, घाम अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसा पुढे त्यांच्यापासून तयार होतात. त्यांतल्या काही पेशी पिकायच्या राहिल्या आणि नुसत्या वाढतच गेल्या, तर गाठ होते. म्हणून ही गाठ पोटात जास्त सापडते. पण मानेत, छातीत, ओटीपोटातही असू शकते. दहातली जवळजवळ नऊ मुलं पाच वर्षांच्या आतली असतात. दीड वर्षाच्या आसपासचं वय फार नेहमीचं.

गरोदरपणात काय खाल्लं, बाळ कधी पडलं, कुणाची दृष्ट लागली, यांचा याच्याशी संबंध नाही. घराण्यातून येणारा आजार शंभरात एखाद-दुसऱ्या मुलातच असतो. हे आधी सांगतो, कारण नातेवाईकांच्या पहिल्याच बैठकीत आईला जाब विचारला जातो.

आता लक्षणं. पोटात एका बाजूला टणक, न दुखणारा फुगवटा हे सर्वांत सरळ लक्षण. आंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना तो हाताला लागतो. पण जवळपास निम्म्या मुलांत निदान होतं तेव्हा आजार हाडांत आणि हाडांच्या आतल्या मज्जेत (बोनमॅरोत) पोचलेला असतो, आणि तेव्हा तक्रार पोटाची नसतेच. चालणारं मूल अचानक चालेनासं होतं, सारखं ‘उचलून घे’ म्हणतं, रात्री रडतं. अंगात बारीक ताप राहतो, चेहरा पांढरा पडतो. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होतं, कुणी मारल्यासारखं, आणि एखादा डोळा पुढे आल्यासारखा दिसतो.

चूक इथेच सुरू होते. पांढरं पडलेल्या मुलाला लोहाचं टॉनिक, लंगडणाऱ्याला कॅल्शियम, पोट मोठं दिसतंय म्हणून जंताचं औषध, डोळ्यांखालचं काळं म्हणजे पाळण्यातून पडला असेल. यातला प्रत्येक अंदाज एकेकटा घेतला तर वावगा नाही. गावातल्या डॉक्टरांकडे येणाऱ्या शंभर लंगड्या मुलांत बहुतेकांना खरोखरच काही गंभीर नसतं. मात्र दोन तक्रारी एकत्र दिसल्या, पांढरेपणा आणि हाडांचं दुखणं, किंवा ताप आणि चालणं बंद, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर आपण पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी मागून घ्यावी. सांधेदुखी समजून स्टिरॉइड सुरू करण्याआधी तर नक्कीच.

दोन प्रसंगी मात्र दिवस मोजत बसायचं नाही. गाठ मणक्यांच्या फटीतून आत शिरून मज्जारज्जूवर दाबली, तर पाय लुळे पडतात, लघवी अडते. हे त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं काम आहे, कारण दाब जितका जास्त वेळ राहील तितके पाय परत येणं अवघड. आणि बाळाचे डोळे सगळ्या दिशांना थरथर नाचू लागले, हातपाय झटके खाऊ लागले, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंच. पण तिथे छाती-पोटाचा स्कॅनही झाला पाहिजे. कुठेतरी लपलेली लहानशी गाठ कधी कधी फक्त अशीच कळते.

सोनोग्राफीत गाठ दिसल्यावरची पायरी म्हणजे रुग्णालय निवडणं. जिथे लहान मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर, मुलांचे सर्जन आणि पॅथॉलॉजी एकाच छताखाली आहे तिथे जावं. महाराष्ट्रातली बहुतेक वाट परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे जाते; मोठ्या शहरांत इतरही विभाग आहेत. निघताना आपण सोनोग्राफीच्या फिल्म, सीडी आणि आधीचे सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून न्यावेत. तोंडी सांगितलेला रिपोर्ट तिथे कुणी धरत नाही.

गावाजवळच्या सर्जननं ‘गाठ आहे, उद्याच काढून टाकू’ म्हटलं, तर तिथेच थांबावं. न्यूरोब्लास्टोमा पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भोवतीनं वाढतो. पिंपळाचं मूळ दगडी भिंतीत शिरतं तसं ते असतं. ओढायला जावं तर भिंतच ढासळते. घाईत केलेल्या ऑपरेशनमध्ये मूत्रपिंड गमावलेली मुलं असतात, आणि अर्धवट काढलेली गाठ आत तशीच राहते ती वेगळीच. शिवाय मूत्रपिंडातच होणाऱ्या विल्म्स ट्यूमर या दुसऱ्या गाठीशी तिची गल्लत होते. दोन्हींचे उपचार वेगळे.

ती गल्लत सीटी किंवा एमआरआय स्कॅन सोडवतो. विल्म्सची गाठ मूत्रपिंडाच्या आतून वाढून त्याचा आकार बिघडवते. न्यूरोब्लास्टोमा मूत्रपिंडाला बाहेरून ढकलतो, मध्यरेषा ओलांडतो, रक्तवाहिन्यांना वेढतो आणि त्यात चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. याच फोटोंवरून गाठ सुरुवातीलाच सुखरूप काढता येईल का, हेही ठरतं.

मग लघवी. या गाठीच्या पेशी अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं बनवतात. ती शरीरात मोडली की व्हीएमए आणि एचव्हीए नावाचे पदार्थ लघवीत उतरतात. दहापैकी नऊ मुलांत ते वाढलेले मिळतात. पूर्वी चोवीस तासांची लघवी साठवावी लागे. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे किती अशक्य आहे ते कोणतीही आई सांगेल. आता बहुतेक ठिकाणी एका वेळचा नमुना चालतो. नमुना कशात घ्यायचा, थंड ठेवायचा का, किती वेळात पोचवायचा, हे प्रयोगशाळेला आधीच विचारावं. घरून बाटलीत भरून आणलेला नमुना परत पाठवला जातो आणि एक फेरी वाया जाते.

यानंतर एमआयबीजी स्कॅन. हे रसायन न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी आपणहून आत ओढून घेतात. त्याला किंचित किरणोत्सारी आयोडीन जोडून शिरेतून देतात, आणि अंगात जिथे जिथे आजार आहे तिथे कॅमेऱ्यात काळे ठिपके उमटतात. इंजेक्शन एका दिवशी आणि फोटो साधारण दुसऱ्या दिवशी, म्हणून बाहेरगावच्यांनी मुक्कामाची सोय धरूनच यावं. सुटं आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसू नये म्हणून आधीपासून काही दिवस तपकिरी आयोडीनचे थेंब देतात. ते चवीला वाईट असतात; कशात मिसळून द्यायचे ते विचारून घ्यावं, पण चुकवू नयेत.

या स्कॅनचा सगळ्यांत सहज होणारा घोटाळा सर्दीच्या औषधाचा आहे. नाक मोकळं करणारी बरीच सिरपं, विशेषतः फिनाइलएफ्रिन असलेली, एमआयबीजीला पेशीत शिरू देत नाहीत. मुंबईच्या प्रवासात मूल शिंकायला लागतं, कुणीतरी दुकानातून बाटली आणतं, आणि स्कॅन खोटाच स्वच्छ येऊ शकतो. मुलाला गेल्या दोन आठवड्यांत दिलेलं प्रत्येक औषध, अगदी सिरपसुद्धा, कागदावर लिहून न्यावं. जिथे एमआयबीजी स्कॅनची सोय नाही किंवा गाठ ते रसायन घेतच नाही, तिथे पेट स्कॅन करतात.

पुढची पायरी बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घराघरात आहे. या आजारात तुकडा न काढता उपचार सुरू करणं हाच मोठा धोका. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कितपत पिकलेल्या आहेत ते पाहतात. आणि त्याहून महत्त्वाचं, एमवायसीएन या जनुकाच्या प्रती मोजतात. निरोगी पेशीत त्या दोन असतात. साधारण पाचातल्या एका मुलाच्या गाठीत त्या दहापट, पन्नासपट झालेल्या सापडतात, आणि तो आजार फार वेगानं धावणारा असतो. या तपासणीला पुरेसा तुकडा लागतो. बारीक सुईनं घेतलेल्या चार थेंबांत ती नीट होईलच असं नाही.

बायॉप्सी आधी दुसरीकडे झाली असेल तर तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, दोन्ही मागून आणावेत. लोक नुसता रिपोर्ट आणतात. मग ब्लॉकसाठी काका परत नगरला किंवा लातूरला जातात आणि आठवडा जातो. ब्लॉक रुग्णाच्या कुटुंबाला मागता येतो. सही करून घ्यावा, उन्हात ठेवू नये.

बायॉप्सीच्याच भुलीत बहुधा बोनमॅरोची तपासणीही उरकतात. पालथं झोपवून कमरेच्या मागच्या हाडातून, दोन्ही बाजूंनी, सुईनं मज्जेचं पाणी आणि बारीक तुकडा घेतात. दोन्ही बाजूंनी का? आजार मज्जेत ठिकठिकाणी पसरतो. एक बाजू स्वच्छ निघाली तरी दुसरीत तो असू शकतो. जागं झाल्यावर मूल एखाद-दोन दिवस कंबर धरून चालतं, एवढंच.

एवढं होईतो दोन-तीन आठवडे जातात आणि घरच्यांचा धीर सुटतो. ‘नुसत्या तपासण्याच चालल्यात, उपचार काहीच नाही’ हे वाक्य वॉर्डात रोज ऐकू येतं. पण याच आजारात हा वेळ उपचाराचाच भाग आहे, कारण न्यूरोब्लास्टोमाची दोन टोकं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की एकाच नावाचा आजार आहे हे पटत नाही. काही बाळांत यकृतात आणि त्वचेत पसरलेली गाठ काहीही न करता विरून जाते. फिलाडेल्फियाच्या डॉ. ऑड्री इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या बाळांचा वेगळा गट मांडला. आज त्याला एमएस म्हणतात आणि तो दीड वर्षाच्या आतल्या मुलांपुरता धरतात. उलट, चार वर्षांच्या मुलाच्या हाडांत पसरलेला तोच आजार सर्व उपचार देऊनही उलटू शकतो.

याचा एक धडा जपानमध्ये मिळाला. तिथे १९८५ पासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी देशभर तपासायला सुरुवात झाली. वाटलं होतं, लवकर पकडू आणि वाचवू. निदानं भरपूर वाढली. पण ती बहुतेक आपोआप विरली असती अशा गाठींची होती, आणि मोठ्या मुलांतला घातक आजार काही घटला नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातून आणि जर्मनीतून २००२ मध्ये आलेल्या अभ्यासांचं उत्तरही तेच होतं. २००३ मध्ये जपाननं ही मोहीम थांबवायचं ठरवलं. कितीतरी बाळांवर गरज नसलेली ऑपरेशनं आणि केमो झाली होती. निरोगी बाळाची ‘एकदा खात्री म्हणून’ व्हीएमए तपासणी करून घ्यावी का, असं कुणी विचारलं तर उत्तर म्हणूनच ‘नाही’ असं आहे.

सगळे रिपोर्ट आले की डॉक्टर मुलाला एका गटात बसवतात: कमी, मध्यम किंवा जास्त धोक्याचा. वय दीड वर्षाच्या अलीकडे की पलीकडे, आजार एकाच जागी की पसरलेला, एमवायसीएन वाढलेला की नाही, पेशींचं रूप कसं, यावरून हे ठरतं. ‘कितवी स्टेज?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘आमचं मूल कोणत्या गटात आणि कशामुळे?’ असं आपण विचारावं, आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्यावं.

कमी धोक्याच्या गटात कधी नुसतं ऑपरेशन पुरतं. काही महिन्यांच्या बाळाची अ‍ॅड्रिनलमधली छोटी गाठ तर ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी करून फक्त पाहत राहतात. शंभरातली पंच्याण्णवच्या वर मुलं जगतात. पालकांना हे पाहत राहणं केमोपेक्षा जड जातं, दुसरीकडे जाऊन ऑपरेशन करून घ्यावंसं वाटतं. तसं करू नये. तारखा मात्र चुकवू नयेत. मध्यम गटात माफक केमो देऊन गाठ आकसवतात आणि मग जमेल तेवढी काढतात. इथेही शंभरातली नव्वदच्या आसपास मुलं वाचतात.

जास्त धोक्याचा गट हा लांबचा रस्ता आहे, जवळपास दीड वर्षाचा. सुरुवात जोरदार केमोनं होते. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड, व्हिंक्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड अशी औषधं पाळीपाळीनं, काही पद्धतींत दर १० दिवसांनी, काहींत दर २१ दिवसांनी. हातांच्या शिरा एवढं सोसत नाहीत, म्हणून छातीच्या कातडीखाली पोर्ट बसवतात किंवा दंडातून पिक लाइन घालतात. सिस्प्लॅटिन कानांवर परिणाम करतं, त्यामुळे आधी आणि मधूनमधून ऐकण्याची तपासणी हवीच. नुकतं बोलायला लागलेल्या मुलाला ‘स’, ‘श’ असे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले की बोलणं मागे पडतं, आणि सगळे म्हणतात, आजारपणानं हट्टी झालाय.

केमोनंतर सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. वॉर्डातल्या भाषेत ‘काउंट पडले’. या दिवसांत ताप म्हणजे तातडीचं काम. काखेत थर्मामीटर लावून १००.४ च्या वर आलं, की पॅरासिटमॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही; रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात पोचून शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. कर्करोगातून सावरणारी मुलं या एका चुकीनं हातची जातात. म्हणून पहिले काही महिने रुग्णालयाजवळ राहणं भाग असतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं टाटाच्या रुग्णांना आसरा देते आहे. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स मुलांसह कुटुंबाला मोफत राहायला जागा देतात. खोली लगेच मिळेलच असं नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव घालावं. तिथेच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशनकार्ड आणि मुलाचं आधारकार्ड किंवा जन्मदाखला जवळ हवा. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं, आणि सगळा अर्ज तिथे अडतो.

गाठ आकसली की आता ऑपरेशन. सर्जन ती शक्य तेवढी काढतात, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या सांभाळून. थोडीशी राहिली म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे.

मग मुलाच्याच रक्तातून आधी काढून गोठवलेल्या मूळ पेशी कामाला येतात. फार मोठ्या डोसची केमो देऊन उरलासुरला आजार आणि त्याबरोबर सगळी मज्जाही जाळतात, आणि मूळ पेशी परत सोडतात. दोनेक आठवड्यांत मज्जा पुन्हा धरू लागते. लोक याला ‘बोनमॅरो ट्रान्सप्लांट’ म्हणतात आणि दाता शोधायला धावतात. इथे दाता लागत नाही. त्यानंतर गाठीच्या मूळ जागेवर रेडिएशन. लहान मूल हलायला नको म्हणून रोज थोडी भूल, म्हणजे रोज सकाळी उपाशी. पहिला नंबर मागून घ्यावा.

यानंतर आयसोट्रेटिनॉइन. मुरुमांवरचं म्हणून हे औषध पुष्कळांना माहीत असतं. उरलेल्या कच्च्या पेशींना ते पिकवतं. १४ दिवस द्यायचं, १४ दिवस बंद, असे सहा महिने. कॅप्सूल मऊ असते आणि दोन वर्षांचं मूल ती गिळत नाही. टोक कापून आतलं पिवळं तेल साय, लोणी किंवा आइस्क्रीममध्ये पिळून लगेच भरवायचं. स्निग्ध पदार्थाबरोबर ते अंगी लागतं, पाण्याबरोबर वाया जातं. उन्हात आणि उघड्यावर ते नासतं. घरातल्या गरोदर किंवा गरोदर असू शकणाऱ्या बाईनं त्याला हात लावायचा नाही, गर्भाला फार धोका असतो. मुलाचे ओठ फुटतात, कातडी सुकते. आधीपासूनच व्हॅसलीन लावत राहावं.

परदेशांत याच टप्प्यात गाठीच्या पेशींवरच्या जीडी२ नावाच्या खुणेवर चिकटणारी अँटिबॉडी देतात. डिनुटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झालं आणि त्यानं फरक पडला, यात शंका नाही. आपल्याकडे त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. ते मिळण्याचा काही मार्ग आहे का, हे आपण विचारावं जरूर; पण त्याच्या आशेवर हातातले उपचार लांबवू नयेत. साधनसंपन्न देशांत, सगळे उपचार मिळून, या गटातली साधारण निम्मी मुलं वाचतात. डॉक्टर हा आकडा आपणहून सांगतीलच असं नाही. ऐकायचा की नाही, ते आई-वडिलांनी ठरवावं.

उपचार संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी लघवी आणि स्कॅन असतात. आजार उलटायचा तर बहुधा याच काळात. पुढे तपासायच्या गोष्टी वेगळ्या: ऐकणं, उंची, दात, थायरॉइड, आणि केमोत हृदयावर परिणाम करणारं डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल तर हृदयाची इको. त्यासाठी रुग्णालयाकडून ‘ट्रीटमेंट समरी’ नावाचा एक-दोन पानांचा कागद मागून घ्यावा. त्यात प्रत्येक औषधाचा एकूण डोस आणि रेडिएशन कुठे किती दिलं हे आकड्यांत असतं. त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक फोटो फोनमध्ये ठेवावा. मुलगी असेल तर वीस-पंचवीस वर्षांनी बाळंतपणाच्या वेळी तिच्या डॉक्टरांना डॉक्सोरुबिसिनचा तो आकडा लागणार आहे, आणि तोवर रुग्णालयातली जुनी फाइल सापडेल याचा भरवसा नाही.